राजकन्यांची टेलर मावशी

गाऊनचं माप द्यायला मुलगी आली की मावशी टेप गळ्यातच ठेवायची, मुलीच्या आईचा मोबाइल मागून घ्यायची आणि म्हणायची, "कपडा नंतर. आधी बाय काय करते ते बघू." बाय म्हणजे सिनेमातली राजकन्या. मग स्टुलावर बसून ती मुलीबरोबर सिनेमा बघायची. अर्धा नव्हे, अख्खा. मुलीची आई बाहेर पायरीवर ताटकळत बसायची.

माणिकपूरच्या आमच्या गल्लीत तिचं दुकान माझ्या दुकानाच्या अगदी समोर. माझ्याकडे शिवणकामाचा डिप्लोमा, काचेत गुलाबी गाऊन घातलेला पुतळा आणि मोटर लावलेल्या दोन मशिनी. तिच्याकडे पायाने चालवायची एकच. ती चांदीप गावची, भातशेतीवाल्या घरातली. लग्न होऊन इकडे आली आणि नवरा गेल्यावर शिवणावर एकटी राहिली. तरी वाढदिवसाचे गाऊन सगळे तिच्याकडे जायचे आणि माझ्याकडे साड्यांचे फॉल-पिको. खोटं कशाला सांगू, मी जळायचे. तुम्हीही जळला असतात. तिची शिलाई काही माझ्याहून सरळ नव्हती.

एका मुलीला सिनेमातला निळा गाऊन हवा होता. मावशीने विचारलं, "तुला यातलं काय आवडलं?"

"ती पाखरांना दाणे देते आणि तिला कोणी ओरडत नाही," मुलगी म्हणाली.

गाऊन झाला तेव्हा निळा रंग भलताच गडद होता, पण दोन्ही बाजूंना खोल खिसे होते. दाण्यांसाठी. आईचं तोंड वाकडं झालं. मुलगी मात्र खिशांत हात घालून गल्लीभर फिरली. राजकन्येला खिसे, म्हणून मी आठवडाभर हसले. पुढच्याच महिन्यात तिघीजणी माझ्याकडे खिशांचे गाऊन मागायला आल्या.

मशीनची सुई मागायचं निमित्त करून एकदा मी तिच्याकडे गेले. हिच्यात एवढं आहे तरी काय, ते बघायचं होतं.

"मावशी, कंटाळा नाही येत? सगळे सिनेमे सारखेच. राजवाडा, दुष्ट राणी, शेवटी लग्न."

"लग्न कोन बघतंय? ते आलं की मी चहा ठेवते," ती दोरा ओवत म्हणाली. "त्या बायला घरात कोन विचारत नाय. मग कोनतरी येतं. घोडा येतो, पाखरू येतं, एखादी म्हातारी येते. विचारतं, तुला काय पायजे? पोरी तेवढ्यासाठी बघतात."

"आणि तुम्ही?"

"मी पन तेवढ्यासाठीच."

मी सुई घेऊन निघाले. हे मला का सुचलं नाही, याचाच दिवसभर राग येत राहिला.

माझी मुलगी तेव्हा आठ वर्षांची. शाळेच्या स्नेहसंमेलनात तिला राजकन्या व्हायचं होतं. मी बारा दिवस खपून गाऊन शिवला. सॅटिन, जाळीचे सात थर, गळ्याभोवती टिकल्या. तिने घातला, आरशात बघितलं, "छान आहे" म्हणाली. हात मात्र अंगापासून लांब धरून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी काचेतून बघते तर मावशीच्या शेजारी माझी मुलगी. दोघींची डोकी मुलीने नेलेल्या माझ्या मोबाइलवर झुकलेली, दोघी हसत होत्या. हातातलं काम टाकून मी गल्ली ओलांडली.

"गिऱ्हाइकं पुरली नाहीत म्हणून आता माझी मुलगी का?"

मावशीने हातातल्या टाचण्या खाली ठेवल्या. "ती नुसती बसायला आली. गाऊन टोचतो म्हनाली. तुला सांगायला भिते."

लोक बघत होते. मी मुलीचा दंड धरून तिला घेऊन आले. त्याच संध्याकाळी गाऊन उसवला, टिकल्या काढल्या, आतून सुती अस्तर लावलं. संमेलनात मुलगी त्यात मनसोक्त नाचली. मावशीला मी हे सांगितलं नाही आणि मुलीला पुन्हा तिकडे जाऊ दिलं नाही.

यंदा समोरची इमारत पाडायला घेतली. मावशीने भावाकडे चांदीपला परत जायचं ठरवलं. टेम्पोत मशीन चढवून झाल्यावर ती माझ्या दारात आली.

"पोरगी कुठंय?"

"क्लासला गेलीय," मी म्हणाले. मुलगी वर घरात होती. मावशीने मान हलवली आणि टेम्पोत जाऊन बसली.

आता गाऊन सगळे माझ्याकडेच येतात. परवा मी मुलीला म्हटलं, "तू मावशीबरोबर कुठला सिनेमा बघत होतीस? आपण दोघी बघू या."

"तू बघ," ती म्हणाली. "मी तिच्याबरोबर बघितलाय." सिनेमा लावून, मोबाइल माझ्या हातात देऊन ती खेळायला गेली.

मी दुकानात एकटीच बघत बसले. एके ठिकाणी ती राजकन्या फाटलेला झगा आईला दिसू नये म्हणून दाराआड उभी राहते. मी सिनेमा तिथेच थांबवला. या जागी मावशी माझ्या मुलीला काय म्हणाली असेल? मी मान वर करून काचेबाहेर बघितलं. समोर पत्रे ठोकलेले होते.