शाल ठेवून द्या

त्या बिया माझ्या दुकानातल्या होत्या, हे आधीच सांगून ठेवतो. नव्वदच्या दशकात नाशिकच्या माझ्या ज्यूस सेंटरवर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या एक बाई यायच्या. ज्यूस कधी घेतला नाही. डबा पुढे करून नुसतं म्हणायच्या, “पपईच्या बिया.” त्या बियांच्या अर्कात भिजवलेली बाजरी खाल्ली की उंदरांना पिल्लं होत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. कुणी ‘उंदीरवाल्या बाई’ म्हटलं की उलट खूश व्हायच्या.

चांदवडजवळच्या आमच्या गावी मीच त्यांना नेलं. तिथे उंदरांसाठी ठेवलेल्या विषाने कोंबड्या मेल्या होत्या.

“बाई, उंदीर मरतील ना?” माझ्या काकांनी विचारलं.

“मारायचे नाहीत. त्यांचा पाळणा थांबवायचा.”

गाव हसलं. पण बाईंनी ती बाजरी ठेवल्यावर पुढे काकांच्या कोठारात उंदराचं पिल्लू दिसेना. मग पारावर सत्कार ठरला. शाल उलगडत काका कौतुकाने म्हणाले, “कोठारात आमची मांजर व्यालीय, तिलाबी उंदीर घावंना!”

बाई ताडकन उठल्या. “आत मांजर होती? मग हे माझं काम कशावरून? शाल ठेवून द्या. पुन्हा करू.”

पुढच्या वर्षी काकांनी मांजर लेकीच्या घरी पोचवली. बाईंनी सगळं पहिल्यापासून केलं, पिंजरे लावून उंदीर स्वतः तपासले. नर होते, माद्या होत्या, पिल्लं नव्हती.

हात धुऊन बाई थेट काकांच्या ओट्यावर आल्या.

“काका, आता आणा ती शाल.”