मेणकापडाच्या फुलांचा कोट

माझे सासरे कापड डोळ्यांनी बघत नसत आणि हातानेही फारसे चाचपत नसत. ते कापड तोंडाला लावून फुंकत. पलीकडे आपलाच तळहात धरायचा, गाल फुगवायचे आणि जोरात फुंकर मारायची. तळहाताला ऊब लागली की कापड नापास. साताऱ्याच्या एका दुकानात त्यांनी एकामागून एक कोट असे फुंकायला सुरुवात केली, तेव्हा दुकानदार वैतागून म्हणाला, "आवं आप्पा, कापड हाय त्ये, बासरी न्हाई." मामंजींनी कोट त्याच्या हातात ठेवला. "बासरीच हाय गड्या. सगळा वारा पल्याड गेला." तेव्हापासून अख्खा तालुका त्यांना फुंकरआप्पा म्हणायला लागला. मी सून, म्हणून माझे ते मामंजी.

आमचं गाव औंधच्या अलीकडं, उघड्या माळावर. पौषात तिथं जो वारा सुटतो त्याला अडवायला बाभळीशिवाय काही नाही. मामंजी फौजेतून पेन्शन घेऊन आले, शेती मुलाच्या हवाली केली आणि स्वतः सोयरिकी जुळवायचा उद्योग मांडला. त्यात मिळकत काही नव्हती, उलट दोन्हीकडच्या शिव्या खायची तयारी लागे. पण कुठल्या वाडीत कुणाची मुलगी उपवर झाली आणि कुठल्या घरचा मुलगा सुट्टीवर यायचा आहे, हे त्यांना तोंडपाठ असे. एसटी फाट्यावर सोडायची, वाड्या राहायच्या आत, म्हणून सारा कारभार सायकलवर. आणि जायचं ते भल्या पहाटेच. कारण विचारलं तर म्हणत, "माणूस रानात गेला की बांधावर बोलावं लागतं. सोयरिकीचं बोलनं कसं घरात, चुलीम्होरं, सगळ्यांच्या देखत व्हायला पायजे."

माझी सोयरीकही त्यांनीच जुळवली, स्वतःच्या मुलासाठी. माझं माहेर सांगलीजवळचं. मुलगी बघायला म्हणून हे सगळे आले तेव्हा मामंजींनी मला स्वयंपाक येतो का, गाणं येतं का, यातलं काहीच विचारलं नाही. कोपऱ्यातल्या माझ्या शिलाई मशीनकडं त्यांचं लक्ष गेलं आणि त्यांनी अंगातला कोट काढून माझ्यापुढं धरला. "पोरी, सायकलवर बसलं की ह्या बाहीतनं वारा पार काखंपतूर जातो. काय करशील?" घाबरत घाबरत मी म्हणाले, "मनगटाला पट्टी लावीन आन् गुंडी." त्यांनी कोट परत अंगात घातला आणि माझ्या वडिलांना म्हणाले, "आमच्याकडनं पक्कं." नवऱ्या मुलाला कुणी काही विचारलंच नाही. त्याची तक्रार हे अजून करतात.

लग्न होऊन मी सासरी आले त्याच हिवाळ्यात मामंजींना खोकल्यानं धरलं. औंधच्या डॉक्टरांनी छाती तपासली आणि बजावलं, छातीला वारा लागू द्यायचा नाही. माझ्या सासूबाईंनी, म्हणजे आत्याबाईंनी, ते ऐकलं आणि दारातच निकाल दिला, "पुन्यांदा खोकला ऐकला तर सायकल माझ्या भावाला देऊन टाकीन!" ही धमकी साधी नव्हती. त्या भावाचं आणि मामंजींचं विळ्याभोपळ्याचं सख्य होतं. मामंजी सायकलची चाकं रोज फडक्यानं पुसायचे, आणि मेहुण्यांनी आधीची सायकल वैरण वाहून वाकडी केली होती. "त्यो गडी सायकलवर कडबा लादतो," मामंजी मला हळूच म्हणाले, "सायकल गेली की मी पारावरचा म्हातारा झालो बघ." हे म्हणताना ते हसले, पण त्यांचा हात सीटवरून हलला नाही. तिथून आमच्या घरात वारा न शिरणाऱ्या कोटाचा शोध सुरू झाला.

आधी वर्तमानपत्र झालं. सदऱ्याच्या आत छातीवर घडी घालून बसवायचं, ही फौजेतली शिकवण. ऊब चांगली येई, पण चुलीपुढं बसून हुंड्यापांड्याचं नाजूक बोलणं चाललेलं असताना मामंजींनी श्वास घेतला की छातीत करकर वाजे. एका मुलीच्या बापानं काळजीनं विचारलं, "आप्पा, औषधपाणी चालू हाय न्हवं?" मग घोंगडी आली. ती उतारावर फुगली, तिचं टोक साखळीत गेलं आणि मामंजी घोंगडीसकट घाणेरीच्या झुडपात गेले. त्यानंतर पावसाळी रबरी कोट. त्यातून खरोखरच वारा आत आला नाही, पण आतला घामही बाहेर गेला नाही. पौषातल्या कोरड्या सकाळी ते एका वाडीत असे निथळत पोचले, की लोक विहिरीकडं धावले. त्यांना वाटलं, हे पडून वर आलेत. घरी येऊन मामंजी मला म्हणाले, "वारा अडवायचा, पर वाफ न्हाई अडवायची. असलं कायतरी बघ."

मी बघतच होते, तेवढ्यात मेहुण्यांचा मुलगा सुट्टीवर आला. तो बर्फातल्या ठाण्यावर होता. आत्याच्या नवऱ्यासाठी म्हणून तो एक जुना फौजी कोट घेऊन आला. जाड, हिरवा, गळ्यापर्यंत बंद होणारा. मेहुण्यांच्या घरची वस्तू घ्यायची म्हणून मामंजी आधी तोंड फिरवून बसले. मग न राहवून त्यांनी तो फुंकला. गाल फुगले, डोळे बाहेर आले, पण पलीकडच्या तळहाताला काही लागलं नाही. त्यांनी पुन्हा फुंकलं. "लय झ्याक," ते म्हणाले, आणि मेहुण्यांना पहिल्यांदाच स्वतःहून चहाला बोलावलं.

दुसऱ्याच दिवशी तो कोट घालून ते वडूजकडच्या एका वाडीत निघाले. तिथल्या अनुसयाकाकूंच्या मुलीसाठी त्यांनी एक चांगलं स्थळ आणलं होतं. एकाहत्तरची लढाई संपून वर्षच झालं होतं. आमच्या भागात घराआड एक मुलगा फौजेत. काकूंचाही होता, सीमेवर. त्या अंगणात सडा टाकत होत्या. धुक्यातून सायकल येताना दिसली, आणि सायकलवर हिरवा फौजी कोट. अशा सकाळी असा कोट दारात कशासाठी येतो, हे त्या वाडीत लहान पोरालाही ठाऊक होतं. काकूंच्या हातातली बादली पडली आणि त्या सड्यातच खाली बसल्या. "माझा बाळू," एवढंच म्हणाल्या. मामंजींनी सायकल टाकून धाव घेतली. "आवं वहिनी, मी हाय, फुंकरआप्पा. पोरीचं स्थळ आणलंय. बाळू खुशाल हाय." पण काकूंना ते कळायला बराच वेळ लागला.

मामंजी घरी आले ते सदऱ्यावर. कोट कॅरिअरला घडी करून बांधलेला, आणि खोकला सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा. ओसरीवर बसून त्यांनी झालेलं सांगितलं. मग म्हणाले, "कोट चांगला हाय. पर माझ्या कोटाकडं बघून बाई खाली बसली. मला न्हाई घालायचा." आत्याबाईंना ते पटलं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण खोकला त्यांनी ऐकला होता, आणि दिलेला शब्द मागं घेणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी भावाला निरोप धाडला: रविवारी ये आणि सायकल घेऊन जा.

रविवारपर्यंत मी मशीनवरून उठले नाही. मशीन झाकायला माहेराहून आणलेलं मेणकापड होतं, पिवळ्या रंगावर लालभडक जास्वंदी. तेच कापलं. वारा समोरून येतो, म्हणून पुढच्या दोन्ही बाजू मेणकापडाच्या केल्या, आतून फलाटीनचं अस्तर. पाठ मात्र जुन्या धोतराची, वाफ निघून जावी म्हणून. सायकलवर वाकलं की कंबर उघडी पडते, म्हणून पाठ वीतभर लांब. मनगटाला पट्टी आणि गुंडी, जिच्यावर माझं लग्न ठरलं होतं. फुलं मी आतल्या बाजूला ठेवणार होते. सासऱ्यांना जास्वंदी घालून कसं पाठवायचं? मामंजींनी कापड फुंकलं, मान डोलावली, आणि माझ्या हातातून घेऊन उलटं केलं. "फुलं भायेर."

"आवं मामंजी, लोक हसतील."

"हसू दे की. लांबनंच कळलं पायजे, सोयरीक येतीया."

रविवारी मेहुणे आले तेव्हा मामंजी कोट घालून माळाला वळसा घालायला गेलेले होते. मेहुण्यांनी कॅरिअरला कडबा बांधायला दोर बरोबरच आणला होता. आम्ही सगळे ओसरीवर वाट बघत बसलो. मामंजी आले, समोरून बागेसारखे आणि मागून धोब्याघरच्या दोरीसारखे. मेहुण्यांना चहा नाकात गेला. आत्याबाई हसल्या नाहीत. त्या उठल्या, नवऱ्याच्या कोटात हात घालून आधी छाती बघितली, मग पाठ बघितली. आमच्या देखत त्यांनी नवऱ्याला असा हात लावलेला मी पहिल्यांदाच पाहिला. "ऊन हाय," त्या म्हणाल्या. मग, "कोरडी हाय." आणि भावाकडं वळून, "दादा, चहा घे आन् जा तू."

पुढं कितीतरी हिवाळे तो कोट माळावरून हिंडला. मेणकापड भेगाळलं की मी नवं लावी, पण फुलांचंच. वाड्यांतली पोरं लांबूनच ओरडत, "फुलं आली, फुलं आली!" आणि घरातल्या उपवर मुली आत पळत. अनुसयाकाकूंच्या मुलीचं लग्न त्या पहिल्याच माघात झालं. मांडवात काकूंनी मामंजींना कोट घालूनच बसवलं. तिथं वाऱ्याचं काही काम नव्हतं आणि ऊन चांगलंच तापलं होतं, पण मामंजी घाम पुसत दिवसभर तसेच बसले.

ते गेले तेही एका पौषातच. खोकल्यानं नाही, झोपेत, काही त्रास न होता. मला त्यांचं फार वाईट वाटलं. वडील गेले तेव्हाही इतकी रडले नव्हते. सकाळी वाड्यांना कळवायला जायचं होतं. ह्यांनी मामंजींची सायकल काढली. बाहेर सुरीसारखी थंडी होती. आत्याबाई स्वतः उठून खुंटीवरचा कोट घेऊन आल्या, "घाल रं, गार हाय." ह्यांनी एक हात बाहीत घातला आणि थांबले. तसाच हात काढून घेतला, कोट मला दिला आणि म्हणाले, "हा घालून कसा जाऊ?" ते साध्या सदऱ्यावर गेले.

दुपारी अनुसयाकाकू आल्या. माझ्याजवळ बसून म्हणाल्या, "सायकल वळखली मी लांबनंच. आप्पांचीच. आन् फुलं न्हाईत. तवाच बादली खाली ठिवली गं."