करवलीच्या डोक्यावर छत्री

आमच्या घरात गोरा रंग फक्त माझ्या वाट्याला आला. आई, बाबा, ताई, सगळे सावळे. मी तो काही कमावलेला नव्हता, पण आईने त्याची राखण मात्र अशी केली, की जणू बँकेचं लॉकर घरातच आहे. स्कार्फ बांधल्याशिवाय मला दाराबाहेर पाऊल टाकायची सोय नव्हती. गच्चीवर पापड घालायला नेहमी ताईच जायची. त्यात माझी कातडी नाजूक, जरा ऊन लागलं की टोमॅटो.

गेल्या मे महिन्यात बेलवलीच्या एका लॉनवर ताईचं लग्न झालं, मुहूर्त भर दुपारचा. नवरदेवाकडच्यांना फोटोत आकाश हवं होतं, म्हणून मंडपाला छत नव्हतं, नुसत्या फुलांच्या माळा. हे कळल्यावर आईला पहिली काळजी वाटली ती माझी. कारण अंबरनाथची काही मंडळी त्या लग्नात मला ‘सहज’ बघून जाणार होती आणि त्यांना मुलगी गोरीच हवी होती.

उल्हासनगरच्या दुकानदाराने सनस्क्रीन देताना सांगितलं होतं, “आंटी, शादी है तो डबल कोट मारो.” आईने तीन मारले. आरशात बघितलं तर मी थेट पिठाच्या गिरणीतून उठून आल्यासारखी दिसत होते.

पण ऐन वेळी आईची पंचाईत झाली. आमच्याकडे मुलीच्या आईने अक्षता पडताना बघायचं नसतं, तिने लांब तुळशीपाशी जाऊन बसायचं. मग तिने बाबांची काळी छत्री मावशीच्या हातात दिली आणि काहीही झालं तरी धाकटीच्या तोंडावर ऊन येता कामा नये, असं तिला बजावलं.

ताई अंतरपाटासमोर उभी राहिली. तिच्या मागे मी, करवली, दोन्ही हातांत पाण्याने भरलेला करा धरून, आणि माझ्या डोक्यावर छत्री. फोटोग्राफरने छत्री बाजूला घ्यायला सांगितली, तर मावशीने त्यालाच बाजूला व्हायला सांगितलं. दुसरं मंगलाष्टक सुरू झालं आणि तिन्ही कोट घामाबरोबर माझ्या डोळ्यांत उतरले. करा खाली ठेवता येईना, डोळे पुसता येईनात. मी घळाघळा रडायला लागले. ते बघून आत्या रडली, काकू रडली. बहिणीवर किती जीव आहे, असं सगळे कौतुकाने म्हणायला लागले. फक्त अंबरनाथच्या बाई नवऱ्याच्या कानात म्हणाल्या, की मुलगी फारच हळवी दिसते. ते स्थळ तिथेच संपलं.

तेवढ्यात ताईने मान जराशी वळवली. शालू, दागिने, वर मुंडावळ्या, तिच्या कानामागून घामाची धार लागली होती.

“मावशी, छत्री जरा पुढे घे ना,” ती हळूच म्हणाली. “ऊन मलापण लागतं.”

“अगं, तुला कशाला, तू तर...” मावशी बोलून गेली. ताईने मान पुन्हा समोर केली.

मला आईचा भयंकर राग आला. कोपराने मी मावशीचा हात पुढे ढकलला, कऱ्यातलं निम्मं पाणी माझ्याच पायांवर सांडलं, पण छत्री ताईवर गेली.

अक्षता पडल्या तशी आई धावत आली आणि आधी माझी हनुवटी वर करून चेहरा तपासायला लागली. मावशीच्या पोटात काही राहत नाही. तिने ताईचं बोलणं तिथल्या तिथे आईला सांगून टाकलं. आईचा हात माझ्या हनुवटीवरून खाली आला. ती ताईकडे वळली, पण तोवर ताईभोवती फोटोवाल्यांची गर्दी झाली होती.

पाठवणीला संध्याकाळ झाली. आई ताईच्या शेजारून गाडीपर्यंत चालत गेली, तिच्या डोक्यावर छत्री उघडी धरून. दोन-चार बायका हसल्या.

“आई, आता ऊन कुठंय?” ताईने विचारलं.

“असू दे,” आई म्हणाली, आणि गाडीचं दार लागेपर्यंत तिने ती मिटली नाही.