सैल सोडलेला हात

तिसरी केमो घ्यायची नाही, हे मी ठरवूनच टाकलं होतं. ऑपरेशननंतरच्या दोन केमोंनी केस गेले, तोंडाची चव गेली, झोप तर पार उडाली. आमची कुलदेवी तुळजापूरची भवानी. तिच्यावरही मी रुसले होते. चिंचवडमध्ये तीस वर्षं बाळंतिणींना आणि बाळांना मालिश करून घर चालवलं, आणि माझ्याच वाट्याला छातीचा कॅन्सर? हा कुठला न्याय, असं तिला तोंडावर विचारलं.

त्या मंगळवारी मुलाला "येऊ नकोस" म्हणून चाकणला शिफ्टला पाठवलं आणि डॉक्टरांना नकार सांगायला एकटीच गेले. डॉक्टर वाकडच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेले. नर्सने मला खाटेवर बसवलं. तेवढ्यात रावेतची एक मुलगी तेलाची बाटली घेऊन आली. डॉक्टरांना विचारून ती पेशंटना हलकं मालिश करते, एरवी बुधवारी. त्या दिवशी देवीच्या वारी कशी आली, मी विचारलं नाही.

"मावशी, हात लावू का?" ती म्हणाली. मी कधी कुठल्या बाळंतिणीला असं विचारलं नव्हतं.

तिने ऑपरेशनची बाजू सोडून दुसरा हात घेतला. दाब अगदी नावाला. माझ्यातली मालिशवाली गप्प बसेना. "अगं, जेवली नाहीस का? जोर लाव की!"

"न्हाई मावशी, या आजारात जोर चालत न्हाई," ती हसली. "आन हात तुमीच उचलून धरलाय. माझ्यावर सोडा की."

खरंच, माझा हात ताठ, अधांतरी होता. 'अंग सैल सोड गं' म्हणून किती पोरींवर मी खेकसले असेन! आता मलाच जमेना. शेवटी डोळे मिटले आणि मनात म्हटलं, आई, आता तूच धर. हात जड झाला. सगळा भार त्या पोरीच्या तळव्यावर गेला तशी मी रडले, आणि रडता रडता झोपले.

जाग आली तेव्हा डॉक्टर समोर उभे होते. "काय मावशी, सुरू करायचं?" मी बाही वर सारली.

मालिशने कॅन्सर जात नाही, हे मलाही कळतं. रिपोर्ट काय येतील ते देवीला ठाऊक. पण मी समाधानात आहे. इतकी वर्षं तिच्यापुढे हात जोडले, भार मात्र कधी तिच्यावर टाकलाच नव्हता. त्या मुलीचे उपकार मी विसरणार नाही. चौथी केमो पुढच्या आठवड्यात आहे. मुलाला म्हटलंय, बाळा, रजा टाक, मला एकटीला जायचं नाही.