साडूंची हिरवी वर्तुळं

द्रव्याच्या तरंगस्वरूपावर मनापासून जीव जडलेला माणूस बीड जिल्ह्यात एकच निघाला आणि तो माझा साडू. माजलगावच्या एका महाविद्यालयात ते भौतिकशास्त्र शिकवत. लग्नात त्यांच्या शेजारी जेवायला बसायचं आमचे नातेवाईक टाळत, कारण 'जयभीम' झाला की त्यांचा पुढचा प्रश्न समोरच्याच्या वजनाचा असे आणि त्यापुढचा चालण्याच्या वेगाचा. मग पत्रावळीच्या कडेला वरणाच्या बोटानं आकडेमोड करून ते त्या माणसाची तरंगलांबी जाहीर करत. प्रत्येक वस्तू तरंगही असते, आणि ती जितकी जड व वेगवान तितका तिचा तरंग आखूड, एवढं भौतिकशास्त्र आमच्या नात्यात सगळ्यांना त्यामुळे येतं. एका मावससासूबाईंनी वजन सांगायला नकार दिला, तेव्हा साडूंनी ते अंदाजानं धरलं आणि चांगलंच जास्त धरलं. पुढच्या लग्नाची पत्रिका त्यांना आली नाही. हळदीला बसलेल्या एका नवरदेवाला ते म्हणाले, "हलू नका. वेग शून्याकडं चाललाय, तुमचा तरंग लई लांब व्हायलाय." हळद वाळून तडकली तरी तो बिचारा जागचा हलला नाही.

वर्गातली मुलं मात्र विचारत, "सर, दिसत न्हाई ते कावून मानायचं?" हा प्रश्न त्यांना फार लागे. माणसाचा तरंग दिसणं शक्य नाही, पण इलेक्ट्रॉन इतका हलका की त्याचा दाखवता येतो. त्यासाठी त्यांनी एका विद्यापीठाच्या भंगारातून काचेचा एक मोठा बल्ब मिळवला. त्यात इलेक्ट्रॉन ग्रॅफाइटच्या पातळ पापुद्र्यातून जाऊन समोरच्या काचेच्या आतल्या पडद्यावर आपटत. ते नुसते कण असते तर मधोमध एक ठिपका पडला असता. ते तरंगही असल्यानं ठिपक्याभोवती वर्तुळं उमटत. लागणारा विजेचा मोठा दाब जळालेल्या मोटारीत नव्या तारा भरणाऱ्या एका कारागिराला हाताशी धरून त्यांनी तयार केला, प्रयोगशाळेच्या खिडक्यांना साखरेची पोती लावली आणि अंधारात दोन हिरवी वर्तुळं उमटवली.

त्या वर्षी पाऊस झाला नाही. ऊस नव्हता, सहकारी कारखान्याचं धुराडं थंड होतं, आणि महाविद्यालय कारखान्याच्या संचालकांच्याच हाती असल्यानं भौतिकशास्त्राचा वर्ग बंद करायचं ठरत आलं होतं. साडूंनी एकच विनंती केली, आधी येऊन बघा. एका दुपारी संचालक आले. मी नात्यानं हजर होतो.

"सर, पाणी न्हाई, ऊस न्हाई, अन् तुमी आमाला बल्ब दाखवायलात," अध्यक्ष म्हणाले.

सगळ्यात वयस्कर संचालकांनी काचेवर, बाहेरच्या वर्तुळाच्या कडेला, बोट टेकलं. "ही काचेची खोट हाय. घडवतानाच पडली असंल."

"खोट असती तर बदलली नसती, मामा," साडू म्हणाले. "इलेक्ट्रॉन हळू झाला की तरंग लांबतो, अन् वर्तुळ मोठं होतं."

"मग करा हळू."

"तसं बटण न्हाई. लाइनीचा दाब उतरला तरच होतं."

"काय बे, लई सोयीचं शास्त्र हाय हे!" एक जण शेजाऱ्याला म्हणाला आणि सगळे हसले. मामांचं बोट तिथंच होतं.

एवढ्यात शेतीची वीज आली आणि त्याच लाइनीवरचे, धरणातून पाणी उचलणारे उपसा सोसायटीचे पंप सुरू झाले. साडू बल्बच्या मागं उभे होते. त्यांना फक्त दाबाचा काटा दिसत होता आणि तो घसरत होता.

"अबाबा!" अंधारात मामा ओरडले.

एकेक पंप लागत गेला तसतशी वर्तुळं थोडी फिकी झाली आणि टप्प्याटप्प्यानं रुंदावली.

"फुगली का? सांगा की, फुगली का?" मागून साडू.

"फुगली, सर! बोट वलांडून गेली!"

"मग खोट फुगती का, मामा?"

बाकं बडवली गेली. मामांनीच सर्वांत जोरात बडवलं. "आपलेच पंप लागले हे," अध्यक्ष म्हणाले आणि पडद्याजवळ वाकून बराच वेळ बघत राहिले. "ऊस न्हाई म्हणून पोरांनी हे बी बघायचं न्हाई का? वर्ग चालू ठेवा." दारात चहा घेऊन आलेल्या शिपायालाही मामांनी हाताला धरून पडद्यापुढं उभं केलं. "बघ. खोट न्हाई, तरंग हाय."

सगळे व्हरांड्यात चहाला गेले. मी साडूंना पुढं आणून स्टुलावर बसवलं, कारण फुगलेली वर्तुळं त्यांनी स्वतः अजून पाहिलीच नव्हती. ते गुडघ्यांवर हात ठेवून बघत बसले.

"जिंकलात," मी म्हणालो. त्यांनी मान डोलावली.

मग बाहेरचं वर्तुळ थोडं आवळलं. थोड्या वेळानं आणखी. दोन्ही वर्तुळं पहिल्या आकाराला आली आणि लख्ख झाली.

"पंप बंद केले," साडू हळू आवाजात म्हणाले. "शेतीची वीज तर हाय अजून. धरणात उपसायला पाणी उरलं न्हाई."

व्हरांड्यात मामा आपलं बोट दाखवून सगळी हकिकत पुन्हा पहिल्यापासून सांगत होते. साडू दारापर्यंत गेले आणि परत येऊन स्टुलावर बसले. "चहा तरी पिऊ द्या त्यांना," ते म्हणाले.