दोन बटणं, तीन टिकल्या

बाबांची नजर मधोमध पुसट झाली आहे. कडेचं दिसतं, समोरचं नाही. नागपूरचं घर बंद करून ते माझ्याकडे येलहंकाला आले, तेव्हा टॅबवर हवं ते चाचपडत शोधायचे आणि भलतंच काही उघडलं की मी त्यांच्या हातातून टॅब काढून घ्यायचे. धीर हा माझा गुण नाही.

त्यांना टॅब लागायचा तो एकाच कामासाठी. नागपूरला माझी आत्या अंथरुणाला खिळलेली. तिची दुपारची झोप झाली की चारला बहीणभावाचं बोलणं व्हायचं. इथे बाबांना बोलायला दुसरं कोण? कामाला येणाऱ्या अक्कांशी कानडीतल्या 'स्वल्प' आणि 'सरी', म्हणजे 'थोडं' आणि 'बरं', एवढ्यावरच आटपतं.

म्हणून मी एक अ‍ॅप टाकलं. टॅबच्या कडेला आवाज कमीजास्त करायची दोन बटणं असतात, त्यांना या अ‍ॅपमधून हवं ते काम लावून देता येतं. वरचं दाबून धरलं की आत्याला फोन, खालचं दाबून धरलं की मला. बाबांकडून चार वेळा घोकून घेतलं आणि स्वतःवर खूश होत सोमवारी महादेवपुऱ्याच्या ऑफिसला गेले.

बरोबर चारला, मीटिंगमध्ये, बाबांचा फोन.

"काय झालं?"

"काही नाही. सहज."

"बाबा, मी कामात आहे."

मंगळवारी तेच, बुधवारी तेच. मग मी "कामात आहे" एवढंच म्हणून फोन ठेवू लागले. हौसेने लावलेलं बटण डोक्याला ताप झालं, असं मैत्रिणीला बोलूनही दाखवलं. पुढच्या आठवड्यात फोन थांबले. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

तिसऱ्या रविवारी माझ्या मोबाइलवर आत्याचा फोन. "तुझ्या बाबाला सांग, बहीण आहे अजून."

"मग तू करायचास ना त्यांना फोन."

"मी कशाला करू? मोठी मी आहे."

मी तडक बाबांच्या खोलीत गेले. टॅब पोथी ठेवायच्या लाकडी ठवणीवर उभा होता, पण उलटा. चार्जरची वायर खालून आली की तो ठवणीत नीट बसत नाही, म्हणून बाबांनी ती बाजू वर केली होती. पडद्यावरचं चित्र आपोआप सुलटं होतं, त्यामुळे येताजाता बघूनही मला कळलं नव्हतं. बटणं मात्र फिरत नाहीत. वरचं खाली गेलं होतं. रोज चारला बाबा बहिणीला लावत होते आणि फोन मला लागत होता.

"मग दुसरं बटण दाबून बघायचं होतं," मी म्हटलं.

"तेही तुलाच लागलं असतं तर?"

मी टिकल्यांचं पाकीट आणलं, बारीक मखमली टिकल्यांचं. आत्याच्या बटणाशी एक टिकली लावली, माझ्या बटणाशी दोन. आता टॅब कसाही ठेवला तरी बोटाला कळतं.

चारचा फोन आत्याला जाऊ लागला. संध्याकाळी घरी आले की तिच्या सगळ्या तक्रारी बाबा मला सांगतात, आणि मीही ऐकते.

परवा टॅब पुसायला घेतला. आत्याची टिकली झिजून गुळगुळीत झाली होती, ती बदलली. माझ्या दोन्ही लावल्या तशाच होत्या, मखमलसुद्धा दबली नव्हती.

"बाबा, माझं बटण चालतं ना?"

"चालत असेल की," ठवणी सरळ करत बाबा म्हणाले. "तू कामात असतेस."