मडमचं ‘जाते’

ठेव ती पिशवी आणि बस इथं माझ्याजवळ. ‘आजी, जाते’ काय म्हणतीस गं? येते म्हणावं, एवढंही शिकवलं न्हाई तुझ्या आईनं?

असंच मी एकदा आमच्या गोऱ्या मडमला, आम्हाला शिकवणाऱ्या बाईला, टोकलं होतं. तेव्हा निजामाचं राज्य होतं. धारूरची सरकारी शाळा उर्दूची, तीही पोरांची. आम्हा गरिबांच्या पोरींना मडम लिंबाखाली मराठी शिकवायची, एक पैसा पगार न घेता. तिचा आणि पाट्या-पेन्सिलींचा खर्च तिच्या देशातली चर्चची माणसं पाठवायची.

एका सकाळी बैलगाडी जुंपून उभी. ओल्या पाट्यांचा वास अजून नाकात हाय बघ. मडम म्हणाली, “मुलींनो, मी जाते.”

आम्ही खदाखदा हसलो. मी म्हणाले, “अवो मडम, जाते न्हाई, येते म्हणा!”

ती माझी पेन्सिलीनं पांढरी झालेली बोटं धरून हळूच म्हणाली, “येते.”

मी ‘म’पर्यंत आले होते. ‘य’ ती आल्यावर शिकवणार, म्हणून मी कितीतरी दिवस पाटी पुसून लिंबाखाली बसायची. पुढची अक्षरं शेवटी वाण्याच्या पुड्यांवरून गोळा केली. तिच्या देशातून पैसे यायचे थांबले, म्हणून ती कायमची गेली होती, हे लई उशिरा कळलं.

ती खरं तेच सांगत होती गं, आणि आम्ही तिचं मराठी सुधारत बसलो. नीट निरोपसुद्धा दिला न्हाई.

तू नुसतं ‘येते’ म्हणू नको. पंचमीला ये बाई, खरंच ये.